टापटीप, वय आणि स्वाभिमान

(वर्षावासातील एका रविवारी बुद्धविहारात दिलेले व्याख्यान. वाचकांसाठी येथे थोडे विस्तारून दिले आहे.)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी पाहिले. चाळिशी उलटलेल्या माणसाने कामाच्या ठिकाणी कसे दिसावे, हा काय धम्माच्या व्यासपीठावरून बोलण्याचा विषय झाला? येथे शीलावर बोलावे, हक्कांवर बोलावे. सदरा आणि इस्त्री यांवर बोलणे हे वकिलाचे काम नव्हे, असे कोणाच्या मनात आले असल्यास त्यात नवल नाही. माझ्याही मनात प्रथम तेच आले होते.

परंतु काही दिवसांपूर्वी एक उपासक माझ्याकडे आले. वय सेहेचाळीस. कारकून म्हणून लागले, आता अधिकारी झाले. घरात धम्मदीक्षा होऊन फार काळ झालेला नाही. ते म्हणाले, "दादा, माझ्या हाताखालची मुले पंचविशीतली आहेत. ती कशी चटपटीत दिसतात! मी आरशात पाहतो तो पोट सुटलेले, केस पिकलेले, कॉलर विरलेली. नवे कपडे घ्यावेत तर घरात मुलीच्या फीचा प्रश्न. आणि नीट राहू लागलो तर वस्तीतली माणसे म्हणतात, बघा, साहेब झाला. मी करावे तरी काय?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना लगेच देऊ शकलो नाही. कारण प्रश्न कपड्यांचा दिसत असला तरी तो कपड्यांचा नव्हता. आपण कोणासाठी नीट दिसावयाचे, किती खर्च करून दिसावयाचे, आणि तसे दिसू लागल्यावर आपल्या माणसांपासून आपण तुटतो काय, असे तीन प्रश्न त्यात गुंतलेले होते. आज त्या तिन्हींचा विचार आपण क्रमाने करू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांच्या वाडवडिलांना हवे ते वस्त्र नेसण्याची कधीच बंदी नव्हती, त्यांना पोशाख ही हौसेची बाब वाटते. आपणांस ती तशी वाटून चालणार नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे दहन झाले, तो हाच ग्रंथ होय. म्हणजे माणूस कोण आहे हे त्याच्या अंगावरूनच कळावे आणि कळताच लोकांनी दूर व्हावे, अशी ही व्यवस्था होती.

हे केवळ जुन्या पोथीत राहिले असते तर आपण ते विसरलोही असतो. पण तसे झाले नाही. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना वरचे अंग झाकण्यासाठी कित्येक वर्षे लढावे लागले, तेव्हा कोठे १८५९ साली महाराजांचा जाहीरनामा निघाला. १९२८ च्या आरंभी इंदूरकडील काही गावांतील बलाई लोकांना तेथील वरिष्ठ जातींनी नियम घालून दिले. जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. हा प्रकार बाबासाहेबांनी आपल्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ च्या प्रबंधात नमूद करून ठेवला आहे. १९३० साली मद्रास इलाख्यातील रामनाड जिल्ह्यात आदिद्राविडांवर अशीच बंधने लादली गेली. पुरुषांनी गुडघ्याखाली वस्त्र नेऊ नये, कोट, सदरा, बनियन घालू नये. मी आपणांस विचारतो, जो सदरा आज आपण कंटाळून खुंटीवर फेकतो, त्या सदऱ्यासाठी आपल्यासारखीच माणसे मार खात होती, हे आपल्या मुलांना आपण कधी सांगितले आहे काय?

महाडच्या त्याच डिसेंबर महिन्यात बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेऊन त्यांच्याशी या विषयावर बोलणे केले. अस्पृश्यतेची खूण म्हणून चालत आलेली लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि हातापायांतील ते जड कथलाचे व चांदीचे दागिने टाकून द्या, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण ते स्वच्छ असू द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. परत जाताना अनेक भगिनींनी लुगडी नव्या पद्धतीने नेसली होती. चवदार तळ्याच्या पाण्याचा प्रश्न पेटलेला असताना बाबासाहेबांनी लुगड्याकडे लक्ष द्यावे, याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की गुलामगिरीची खूण अंगावर वागवीत असता स्वातंत्र्याची मागणी करणे हे त्यांना विसंगत वाटले.

आता कायद्याचे बोलू. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, हे आपण सर्व जाणता. परंतु १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली आणि जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, तिच्यातील एक तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास अडथळा करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. जबरीने कपडे उतरविणे, मिशा काढणे, मुंडण करणे हेही गुन्हे आहेत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी झालीच पाहिजे असे कोणी म्हणू लागल्यास ते ऐकण्याचे कारण नाही. आणि आपल्या धर्मांतरित कुटुंबांनी हेही जाणून असावे की, १९९० साली झालेल्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांचाही अनुसूचित जातींत समावेश राहील असे स्पष्ट झाले आहे. दीक्षा घेतली म्हणून हे संरक्षण जात नाही. ज्या देशाच्या संसदेला एकविसाव्या शतकात 'नवे कपडे' हे दोन शब्द फौजदारी कायद्यात लिहावे लागतात, त्या देशात कपड्यांचा विषय क्षुल्लक आहे असे आपण तरी म्हणू नये.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग काय, उंची कपडे घातले की झाले. माणसे मान देऊ लागतील. वाचकहो, या भ्रमात राहू नका. बाबासाहेबांच्या आठवणींतील १९०१ सालची हकीकत आपण वाचलीच असेल. लहानगा भीम भावंडांबरोबर साताऱ्याहून आगगाडीने निघाला आणि मसूर स्थानकावर उतरला. अंगात नवे सदरे, डोक्याला चमकदार टोप्या, पायांत नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. ती मुले पाहून स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करू लागला, कारण ती त्याला ब्राह्मणांची वाटली. मुलाने निरागसपणे खरी जात सांगितली आणि त्या मनुष्याचा चेहरा पालटला. सदरा तोच, टोपी तीच, मूलही तेच. पालटले ते पाहणाऱ्याचे मन. पुढे १९१७ साली, परदेशांत शिकून आलेल्या त्याच पुरुषाला बडोद्यास राहावयास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव धारण करून पारशांच्या विश्रामगृहात राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली.

या दोन प्रसंगांतून मी असा निष्कर्ष काढतो की, पोशाख हा बुरखा म्हणून वापरू नये. आपण कोण आहोत हे लपविण्यासाठी जो नीटनेटका राहतो, त्याचा सगळा दिवस धास्तीत जातो. कोणी आडनाव विचारील, कोणी गाव विचारील, आणि कष्टाने चढविलेली झिलई क्षणात उतरेल. उलट, मी माझ्या कामाला, माझ्या घरातल्या कष्टांना आणि मी स्वीकारलेल्या धम्माला शोभेल असा राहतो, एवढेच ज्याच्या मनात आहे, त्याला स्टेशनमास्तरच्या चेहऱ्याची पर्वा करण्याचे कारण उरत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. नीट दिसावयाचे ते स्वतःसाठी आणि ज्या कामाचा पगार घेतो त्या कामासाठी; दुसऱ्याच्या मान्यतेची भीक मागण्यासाठी नव्हे.

याबाबत आपल्याच परंपरेतील दोन थोर पुरुषांची उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. १८८८ साली पुण्यात इंग्लंडच्या राजपुत्राच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. जडजवाहीर ल्यालेल्या मंडळींत महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले आणि हिंदुस्थान पाहावयाचा तर या शालजोड्यांत पाहू नका, असे त्यांनी पाहुण्यांना बजावले. त्याच जोतीरावांना गुरू मानणारे बाबासाहेब मात्र कोट, विजार, टाय अशा पुऱ्या पोशाखात वावरले, आणि आज गावोगावच्या पुतळ्यांत ते तसेच उभे आहेत. हा विरोध आहे काय? मला तसे वाटत नाही. ज्यांना शेतकऱ्याच्या दुःखाची आठवण करून द्यावयाची होती त्यांनी शेतकऱ्याचा वेष केला. ज्या समाजाला कोट घालण्याची मनाई होती त्याच्या पुढाऱ्याने कोट घातला. पोशाख आपण निवडावा, तो दुसऱ्याने आपल्यावर लादू नये, हे तत्त्व दोघांच्याही वागण्यात एकच आहे.

भगवान बुद्धांनी या बाबतीत काय सांगितले? त्यांनी राजवस्त्रे टाकली हे आपण नेहमी सांगतो. पण त्यांनी गबाळेपणा स्वीकारला नाही, हे सांगावयाचे राहून जाते. भिक्खूंची चीवरे टाकून दिलेल्या चिंध्यांची असत, तथापि त्या चिंध्या धुऊन, शिवून, रंगवून घ्याव्या लागत. मगधातील भातशेतीच्या बांधांप्रमाणे आखीव चौकटींचे चीवर आनंदाने तयार केले आणि भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. विनयातील ७५ सेखिय नियमांपैकी अगदी पहिले दोन नियम चीवर सर्व बाजूंनी सारखे, नीट नेसावे आणि पांघरावे याविषयी आहेत. वस्त्र कशासाठी? थंडी, ऊन, डास यांपासून रक्षण व्हावे आणि लज्जा झाकली जावी म्हणून, मिरविण्यासाठी नव्हे. नटवेपणा हे एक टोक आणि ओंगळपणा हे दुसरे टोक. मध्यम मार्ग कपाटातूनही जातो, असे मी म्हटले तर आपण मला क्षमा कराल.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे खर्चाकडे वळू. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगधंद्यासाठी आणि एक भाग अडीअडचणीसाठी शिल्लक. कपडालत्ता हा त्या पहिल्या भागातला एक अंश आहे. मुलीच्या फीवर तो कुरघोडी करू शकत नाही. हप्त्यांवर वा क्रेडिट कार्डावर उंची कपडे घेऊन जो मोठा दिसतो, तो सावकाराच्या नव्या वहीत आपले नाव लिहितो. आपल्या आजोबांचा अंगठा होता, आपली सही आहे, एवढाच फरक.

परंतु खरी गोष्ट अशी की टापटिपीला पैसा थोडा लागतो आणि सवय फार लागते. मी माझ्या कोर्टातल्या अनुभवावरून आणि अनेक नोकरदार बांधवांना पाहून काही साध्या गोष्टी सांगतो. चाळिशीनंतर शरीराचा बांधा बदलतो. तिशीतले कपडे ओढूनताणून घालणे किंवा पोट झाकावे म्हणून दोन मापे मोठे घालणे, दोन्ही चुकीचे. जुन्या विजारीची कंबर आणि सदऱ्याची बगल शिंप्याकडून सैल वा तंग करून घ्यावी. नव्या कपड्याच्या मानाने हे काम अगदी स्वस्तात होते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली आणि बाही मनगटावर थांबली, की साधा सुती सदराही शोभतो. फिक्या रंगाचे चार सदरे आणि गडद रंगाच्या दोन विजारी आलटून पालटून वापरल्या तर आठवडा निभतो. कॉलर विरली तर ती उलटवून घेण्याची जुनी युक्ती आपल्या आयांना ठाऊक होती. इस्त्री रविवारी एकदाच बसून करावी. जोडे एकच असेनात का, पण रात्री पुसून ठेवावेत. बुटांना पॉलिश आणि टाचेची झीज यांवरून माणसाची शिस्त दिसते. बटण तुटले तर ते त्याच दिवशी लावावे. सुईदोरा पुरुषाच्याही हातात शोभतो. ते काम पत्नीचेच आहे असे धम्मात कोठेही लिहिलेले नाही.

कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० वस्त्रे दिली, तेव्हा राजाला शंका आली की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे काय करणार? त्यावर आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ती वाटू. विरलेल्या चीवरांचे पलंगपोस करू, त्यांची मग गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झाडण्याचे फडके, आणि शेवटी ते कुटून मातीत मिसळून त्याने जमीन सारवू. वाचकहो, गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीला हे न वाचताच पाठ होते. काटकसर आणि टापटीप या एकाच घरात नांदू शकतात.

मुखातील दात आणि श्वास यांविषयी कोणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून मी बोलतो. परीटघडीचा सदरा आणि त्याच्या खिशात तंबाखूची पुडी, हे दृश्य मी रोज पाहतो. तंबाखू आणि गुटखा यांमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे सर्वांना माहीत असूनही ती पुडी सुटत नाही. मद्य सोडण्याची प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांत घेतलीच आहे. चाळिशीनंतर चेहऱ्यावर जे तेज हवे, ते बाजारात मिळणाऱ्या मलमापेक्षा ही दोन व्यसने सोडल्याने अधिक येते. तसेच मनगटावरचे मळलेले गंडेदोरे. दीक्षेनंतरही ते तसेच राहिले असतील, तर ते उतरविण्यास स्वच्छता आणि प्रतिज्ञा अशी दोन्ही कारणे आहेत.

सर्वच बांधव खुर्चीवर बसून काम करीत नाहीत, याची मला जाणीव आहे. जो सफाईचे काम करतो त्याला मी परीटघडीचे व्याख्यान देणार नाही. त्याच्या बाबतीत पोशाख म्हणजे गमबूट, हातमोजे, मुखपट्टी. आणि ते पुरविण्याची जबाबदारी मालकाची आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून गटार वा सेप्टिक टाकी साफ करवून घेण्यास बंदी आहे आणि ती मोडणाऱ्यास शिक्षा आहे. या बांधवांनी दिवसाच्या शेवटी स्नान करून स्वच्छ वस्त्र घालून विहारात यावे, आणि कामावर असताना जीव राखणारा पोशाख मिळाल्याखेरीज टाकीत उतरू नये. हीच त्यांची टापटीप, आणि तीसाठी त्यांच्यामागे उभे राहणे हे आम्हा वकिलांचे काम आहे.

भगिनींना दोन शब्द. नोकरी करणाऱ्या स्त्रीवर दोन्ही बाजूंनी आरोप होतो. नीट राहिली तर मिरवते, साधी राहिली तर गबाळी. चाळिशी-पन्नाशीत शरीरात जे बदल होतात, अंगाला जो घाम फुटतो, जो थकवा येतो, त्यांची चर्चा घरात होत नाही आणि कचेरीत तर नाहीच. अशा वेळी अंगाला सुखकर, सुती, चालता-चढताना अडखळू न देणारे वस्त्र निवडण्याचा तिला अधिकार आहे. मग ते लुगडे असो, साडी असो की सलवार-कुडता. सावित्रीबाई फुले १८४८ नंतर पुण्यात शाळेत शिकवावयास जात, तेव्हा वाटेत त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले जाई. त्या आपल्याबरोबर दुसरे लुगडे ठेवीत आणि शाळेत पोचल्यावर बदलून मुलींपुढे उभ्या राहत. शेण फेकणाऱ्यांसाठी ते स्वच्छ लुगडे नव्हते, ते त्या मुलींसाठी होते. कामावरच्या नीटनेटकेपणाची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

आता वयाचे बोलू. मराठीत वाचण्याच्या चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो. चाळिशीच्या सुमारास जवळचे अक्षर अंधुक होऊ लागते, हा निसर्गनियम आहे. तरीही चष्मा लावला तर म्हातारे दिसू, या लाजेने पुष्कळ माणसे कागद हात लांब करून वाचतात आणि चुकीच्या ठिकाणी सही करतात. माझ्या धंद्यात अशा सहीने घरे गेलेली मी पाहिली आहेत. चष्मा वेळेवर घ्या. केस रंगवावेत की नाही? हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु काळ्या कलपातील द्रव्याने काहींच्या त्वचेला फोड येतात, म्हणून कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहावी, आणि न लावल्यास त्यात कमीपणा मानू नये. भगवंतांनी तीन मद सांगितले आहेत. तारुण्याचा मद, आरोग्याचा मद आणि जीविताचा मद. पंचविशीतल्या मुलांशी चटपटीतपणाची स्पर्धा करणे हा गेलेल्या तारुण्याचा मद होय. वयाच्या ऐंशीव्या वर्षी आपले शरीर दोऱ्यांनी बांधून चालविलेल्या जुन्या गाडीसारखे झाले आहे, असे ज्यांनी मोकळेपणाने सांगितले, त्यांचे आपण अनुयायी आहोत. आपला पिकलेला केस हा वीस वर्षांच्या कामाचा दाखला आहे. तो विंचरलेला असावा, एवढे पुरे.

शेवटी तिसरा प्रश्न राहिला. नीट राहू लागलो तर वस्तीतली माणसे साहेब म्हणतात. मग काय करावे? येथे मला स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. ती सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलण्याचा अधिकार पोचत नाही.

मी ज्या वस्तीत जन्मलो तेथील एक वृद्ध मावशी. माझ्या आईबरोबर एकाच नळावर तिने पाणी भरलेले. तिच्या राहत्या खोलीचा दावा खालच्या कोर्टात तिच्याविरुद्ध गेला. जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत तीस दिवसांची. नकलेसाठी लागलेले दिवस वजा जाता त्या दिवशी शेवटचा दिवस होता. ती कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सकाळी अकरा वाजता माझ्या कचेरीच्या जिन्यावर येऊन बसली. मी काळा कोट, पांढरे बँड आणि चकचकीत बूट घालून तिच्या शेजारून दोनदा गेलो. एकदा जाताना, एकदा येताना. मी तिच्याकडे पाहिले नाही, आणि तिने मला हाक मारली नाही. पाच वाजता ती उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा तिला घेऊन आला. मी रागावून विचारले, "मावशी, काल जिन्यात होतीस, तर बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू दिसलास रे बाळा. पण लई साहेबासारखा दिसलास. हाक मारायचा धीर झाला न्हाई."

मुदत एका दिवसाने गेली होती. विलंब माफ व्हावा म्हणून मुदत कायद्याच्या कलम पाचप्रमाणे अर्ज करावा लागतो, आणि त्यात उशिराचे कारण शपथेवर लिहावे लागते. ते कारण लिहिताना माझा हात थांबला. अर्जदार ठरल्या दिवशी वकिलाच्या दारापर्यंत आली होती, परंतु वकिलास हाक मारण्याचे धैर्य तिला झाले नाही; हे वाक्य मला माझ्याच विरुद्ध लिहावे लागले. न्यायालयाने विलंब माफ केला. तिची खोली आज तिच्या ताब्यात आहे. पण ते वाक्य माझ्या दप्तरात आहे आणि राहील.

त्या रात्री मी विचार केला की चूक कोटाची होती काय? नाही. कोट नसता तर न्यायाधीशापुढे तिचे म्हणणे मांडावयास मला उभेही राहता आले नसते. चूक माझ्या नजरेची होती. अंगावरचे कपडे जसे नीट होत गेले, तशी माझी नजर वर वर गेली आणि जिना मला दिसेनासा झाला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपला अपेक्षाभंग केल्याचे दुःख बोलून दाखविले, हे मी तरुणपणी अनेक सभांत सांगितले होते. ते दुसऱ्या कोणाविषयी आहे असे मी समजत होतो.

आमच्या बार कौन्सिलच्या नियमांत एक सुंदर तरतूद आहे. बँड आणि गाऊन हे न्यायालयातच घालावयाचे, विशेष समारंभ वगळता सार्वजनिक जागी घालावयाचे नाहीत. मी हा नियम वीस वर्षे केवळ शिष्टाचार समजून पाळला. आता मला त्यात अर्थ दिसतो. कामाचा पोशाख कामासाठी आहे. माणसामाणसांत उभा करण्याचा तो पडदा नव्हे. त्यानंतर मी कचेरीबाहेर एक बाक ठेवला. जिन्यावर कोणी बसलेले दिसले तर मी प्रथम थांबतो आणि कोण, कोठून आलात, असे विचारतो. तीन शब्दांचे काम आहे. त्याला इस्त्री लागत नाही.

म्हणून त्या सेहेचाळीस वर्षांच्या उपासकांना, आणि त्यांच्यासारख्या सर्वांना, माझे सांगणे असे. भाऊ, नवे चार सदरे घ्या, पण मुलीची फी भरून झाल्यावर. तोवर जुन्या सदऱ्याची कॉलर उलटवून घ्या. चष्मा लावा. केस पिकू द्या वा रंगवा, पण विंचरा. सकाळी ताठ मानेने कामावर जा, कारण त्या सदऱ्यासाठी कोणीतरी मार खाल्ला आहे. आणि संध्याकाळी तेच कपडे अंगावर असताना वस्तीच्या तोंडाशी जरा थांबा, नळावरच्या मावशीला तिच्या नावाने हाक मारा. ज्या दिवशी ती तुमच्या परीटघडीच्या बाहीला धरून न बिचकता म्हणेल, "बाळा, हा कागद जरा वाचून दाखव," त्या दिवशी तुमचा पोशाख खऱ्या अर्थाने नीट झाला असे समजा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!